कोरड्या दिवसांतले गायन

भायखळा, मुंबई

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

तुझा मेल मिळाला. त्यातल्या गोष्टी फोनवर बोलण्यासारख्या नव्हत्या, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. तू लिहितोस की गेले काही महिने व्यासपीठावर उभे राहून गाताना तुझ्या मनात काहीच हलत नाही. समोरची तरुण मुले हात उंचावून, डोळे मिटून उपासना करत असतात आणि तू मात्र पुढची कॉर्ड कोणती आणि मॉनिटरमधून आवाज नीट का येत नाही याचाच विचार करत असतोस. त्यामुळे आपण ढोंग करतो आहोत असे तुला वाटू लागले आहे. त्यातच एका कंपनीने तुझ्या गाण्यांसाठी करार पुढे केला आहे, आणि मन असे कोरडे असताना देवाच्या गाण्यांवर पैसे घेणे तुला पाप वाटते. म्हणून करारही नको आणि गाणेही नको, बंगळूरमध्येच एखादी नोकरी पाहतो, असा तुझा विचार आहे.

नोकरी करावीस याला माझी ना नाही. तुझे पप्पा आयुष्यभर रेल्वेत नोकरी करून रविवारी चर्चमध्ये तबला वाजवत आले, आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. परंतु गाणे सोडण्यासाठी तू जे कारण दिले आहेस ते मला मान्य नाही. मनात उमाळा असेल तरच देवाचे गाणे गाण्याचा आपल्याला अधिकार आहे, ही समजूत तू कोठून उचललीस ते ठाऊक नाही. आपल्या चर्चच्या मंडळीत तरी तुला ती कोणी शिकवलेली नाही. ती चुकीची आहे असे मला मनापासून वाटते, आणि ती चुकीची का आहे हे मी तुझ्याच आवडत्या गायकाच्या आयुष्यावरून सांगणार आहे. कॉलेजात असताना ज्या रिच मलिन्सची गाणी तू दिवसरात्र लावत असायचास, त्याची गाणी तुला पाठ आहेत, पण त्याच्या आयुष्याकडे तू फारसे पाहिलेले नाहीस असे तुझ्या मेलवरून वाटते.

त्याचा जन्म 21 ऑक्टोबर 1955 रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, रिचमंड या गावी झाला. वडिलांचा रोपवाटिकेचा व्यवसाय होता, आई क्वेकर पंथाची होती. पणजीने त्याला लहानपणीच पियानोवर मंडळीची जुनी भक्तिगीते वाजवायला शिकवले, आणि तीही चारही आवाजांसह. म्हणजे ज्या वयात मुले एका बोटाने सूर शोधत असतात त्या वयात याच्या कानाला सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बेस वेगवेगळे ऐकू येऊ लागले होते. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण त्याला लोक बंडखोर म्हणून ओळखतात आणि त्या बंडखोरीखाली जुन्या गायनाचा केवढा भक्कम पाया होता हे विसरतात. पुढे सिनसिनाटीच्या बायबल कॉलेजात शिकत असताना तो गाणी लिहू लागला. 1982 मध्ये एमी ग्रँट या गायिकेने त्याचे एक गीत आपल्या अल्बममध्ये घेतले आणि ते गाजले; मग तो नॅशव्हिलला गेला. 1986 आणि 1987 मध्ये आलेले त्याचे स्वतःचे पहिले दोन अल्बम फारसे चालले नाहीत. 1988 मध्ये ‘ऑसम गॉड’ हे गीत आले, आणि ते आजही आपल्या मुंबईतल्या इंग्रजी उपासनांमध्ये गायले जाते. हे सगळे तुला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे, म्हणून लांबण लावत नाही.

मला मोलाचे वाटते ते त्यानंतरचे. नाव झाल्यावर हा माणूस नॅशव्हिलमध्ये बस्तान बसवण्याऐवजी कॅन्सस राज्यातील विचिटा येथे राहायला गेला आणि तेथील फ्रेंड्स विद्यापीठात संगीतशिक्षणाच्या पदवीसाठी त्याने नाव घातले. ज्याची गाणी देशभर गायली जात होती तो वर्गात बसून, परीक्षा देऊन, 1995 मध्ये पदवीधर झाला. ती पदवी त्याला कशासाठी हवी होती? ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको यांच्या सीमेवर नावाहो या मूळनिवासी लोकांचा प्रदेश आहे, तेथील मुलांना संगीत शिकवण्यासाठी. आयुष्याची अखेरची वर्षे त्याने तेथेच काढली. आपल्या मिळकतीचा हिशेबही त्याने स्वतःकडे ठेवला नव्हता. अल्बमची विक्री, कार्यक्रम, गीतांची रॉयल्टी, सगळा पैसा त्याच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींकडे जाई. अमेरिकेतील सर्वसाधारण नोकरदाराला वर्षाला जेवढा पगार मिळतो तेवढाच ते त्याला देत आणि उरलेला पैसा दानधर्मात जाई. आपण एकूण किती कमावतो हे त्याने कधी विचारले नाही, कारण तो आकडा कळला तर देणे आपल्याला जड जाईल असे तो म्हणे. स्वतःच्या मनाची इतकी स्वच्छ पारख असलेली माणसे मी फार थोडी पाहिली आहेत.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. या माणसाचे मन सदा भरलेले होते, त्याच्या आणि देवाच्या मध्ये कधी पडदा आला नाही, असे तुला वाटत असेल तर तसे मुळीच नव्हते. त्याचे ठरलेले लग्न मोडले आणि पुढे त्याने लग्न केलेच नाही. एकटेपण त्याला खात असे. दारूशी त्याची झटापट होती, आणि ती त्याच्या जवळच्या माणसांनी त्याच्या पश्चात उघडपणे सांगितली आहे. कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये, पुष्कळदा अनवाणी, साध्या टी-शर्टात उभा राहून तो आपल्या दुबळेपणाबद्दल बोलत असे. ब्रेनन मॅनिंग या लेखकाच्या शिकवणुकीचा त्याच्यावर खोल परिणाम झाला. देव आपल्यावर प्रेम करतो ते आपण सुधारल्यावर करतो असे नाही, आपण जसे आहोत तसे करतो, ही मॅनिंगची शिकवण होती. आपल्याकडे कित्येकांना ही शिकवण फार सैल वाटते. मला वाटत नाही. पौलाने रोमकरांस जे लिहिले, की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, त्याहून वेगळे मॅनिंगने काही सांगितलेले नाही.

आणि अशा माणसाने 1993 मध्ये काय केले ते पाहा. त्या वर्षी त्याचा ‘अ लिटर्जी, अ लेगसी अँड अ रॅगमफिन बँड’ हा अल्बम आला. त्याचा पहिला भाग उपासनाक्रमाप्रमाणे बांधलेला आहे, आणि त्यात एक गीत असे आहे की ज्यातले बहुतेक शब्द त्याचे नाहीतच. आपण दर रविवारी उभे राहून जो प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतो, तोच त्याने जसाच्या तसा चालीत बसवला. सोबतीला त्याचे आवडते हॅमर्ड डल्सिमर, म्हणजे आपल्या संतूरच्या जातीचे, हलक्या काठ्यांनी तारांवर वाजवायचे वाद्य. तारांवर त्या काठ्या झपाझप पडत राहतात आणि त्यावर तो सरळ, जवळजवळ सपाट आवाजात म्हणत जातो, की आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता जो सर्वसमर्थ देवपिता त्याच्यावर मी विश्वास ठेवतो. ध्रुवपदात तेवढी त्याने भर घातली आहे: हा विश्वास मी घडवलेला नाही, तोच मला घडवतो आहे, अशा अर्थाची.

बाळा, ही भर तू नीट ऐक. एवढा मोठा गीतकार, ज्याला शब्दांची वाण नव्हती, त्याने आपल्या सर्वांत महत्त्वाच्या ठिकाणी स्वतःचे शब्द बाजूला ठेवले आणि मंडळीचे शब्द उचलले. मला वाटते त्याला हे कळले होते की स्वतःच्या मनातून रोज नवा विश्वास काढून गायचे ठरवले तर ती विहीर आटायला वेळ लागत नाही. विश्वासांगीकार त्याच्या आधी शेकडो वर्षे होता, त्याच्या पश्चात आहे, आणि तो दारू पिऊन झोपलेला असतानाही जगात कोणीतरी कोठेतरी तो म्हणतच होते. गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये हाताला कडी लागली नाही तरी सभोवतालची माणसे आपल्याला पडू देत नाहीत, तशी मंडळी आपल्याला विश्वासात उभे ठेवते. तुझ्या मनात आज काय हलते आहे यावर ते अवलंबून नसते.

मी पेटीवर बाजूला बसते, त्यामुळे पाळकसाहेबांना समोरून दिसत नाहीत असे कित्येक चेहरे मला दिसतात. आपल्या कॉयरमधल्या एका बाईंचा तरुण मुलगा गेला, तेव्हा तू येथे नव्हतास. प्रेतक्रियेनंतरच्या पहिल्याच रविवारी त्या नेहमीच्या जागी येऊन बसल्या. विश्वासांगीकाराला सगळे उठले तशा त्याही उठल्या, पण ओठ हलले नाहीत. हातातले ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक उघडलेले होते, पान भलतेच होते. ‘देहाचे पुनरुत्थान’ या शब्दांपाशी शेजारच्या दोघींचा आवाज अडखळला, मग सावरला, आणि त्यांनी तो थोडा मोठाच केला, जणू हिचेही आपणच म्हणायचे आहे. असे कितीतरी रविवार गेले. एकदा मी पाहिले तर त्यांचे ओठ हलत होते. त्यांच्या मनात त्या वेळी काय होते हे मी विचारले नाही आणि विचारणारही नाही. मधल्या काळात त्या कॉयरमध्ये उभ्या राहत होत्या म्हणून त्यांना ढोंगी म्हणशील का? मग तू स्वतःला तो शब्द कशाच्या आधारावर लावतोस?

पवित्र शास्त्रातले उदाहरण तुला हवे असेल तर स्तोत्र 88 काढ. जवळपास सगळी विलापाची स्तोत्रे शेवटी देवाच्या स्तुतीकडे वळतात. तेरावे स्तोत्र ‘किती वेळ’ असा टाहो फोडून सुरू होते, पण सहाव्या ओवीपर्यंत गाण्याला येऊन पोहोचते. अठ्ठ्याऐंशीवे वळत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधार याच उल्लेखावर संपते. तरीही त्याच्या मथळ्यात ते मुख्य गवयासाठी असल्याचे लिहिले आहे. म्हणजे इस्राएलाच्या मंदिरात कोणीतरी ते स्तोत्र हाती घेऊन, त्याची चाल बसवून, गायकांकडून तालीम करून घेऊन ते लोकांसमोर गायले. तो गवई त्या दिवशी स्वतः आनंदात असेल, किंवा तुझ्यासारखाच तारा जुळवण्याच्या विवंचनेत असेल. त्याचे काम गाण्याचे होते आणि ते त्याने केले. मलिन्सच्या त्याच 1993 च्या अल्बममध्ये विश्वासांगीकारासोबत ‘होल्ड मी जीझस’ हेही गीत आहे, स्वतःला सांभाळता येत नाही म्हणून येशूने आपल्याला धरून ठेवावे अशी विनंती करणारे. मला ही दोन गीते एकाच अल्बममध्ये असणे फार बोलके वाटते. विश्वासाचे शब्द मंडळीकडून घेतल्यावरच त्याला स्वतःची दुर्बलता इतक्या उघडपणे गाता आली असावी.

19 सप्टेंबर 1997 रोजी विचिटा येथील कार्यक्रमासाठी निघालेला असताना इलिनॉय राज्यात त्याच्या जीपला अपघात झाला आणि तो गेला. वय 41. त्याच्या थोडेच दिवस आधी एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये बसून त्याने साध्या टेपरेकॉर्डरवर येशूच्या जीवनावरील नवी गीते ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. मित्रांनी 1998 मध्ये ती टेप आणि त्याच गीतांचे नव्याने केलेले ध्वनिमुद्रण असे दोन्ही एकत्र प्रकाशित केले. टेपवरचा आवाज खरखरीत आहे. मला तोच अधिक आवडतो.

तू म्हणशील की हे सगळे अमेरिकेतले झाले. मग आपल्या घरातले सांगते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते तू पाळण्यात असल्यापासून ऐकली आहेस, तुझी नगरची आजी दळण निवडतानाही ती गुणगुणत असे. परंतु ती कोणत्या परिस्थितीत लिहिली गेली याचा विचार तू केला नसशील. टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, तो त्यांनी वाचला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी आपल्या याच मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या एका दिवसाने त्यांचे घर मोडले. लक्ष्मीबाई माहेरच्या आणि सासरच्या माणसांत राहिल्या, पती-पत्नी काही वर्षे एकमेकांपासून दूर होती, मुलाची ओढाताण झाली, आणि लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. ‘स्मृतिचित्रे’ आपल्या घरात आहे. या सुट्टीत आलास की ते भाग पुन्हा वाच. विश्वास मिळाला म्हणून मन कायमचे सुखी झाले, असे त्यात कोठेही सापडणार नाही.

आणि टिळकांच्या भक्तिरचनेचा खरा बहर बाप्तिस्म्यानंतर लगेच आलेला नाही. तो आला त्यांच्या उत्तरायुष्यात, अभंगांतून. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते सांगत. ज्या परंपरेतून ते आले होते ती टाकून न देता तिच्याच अभंगात, भजनात आणि कीर्तनात त्यांनी ख्रिस्त गायला, म्हणूनच त्यांची गीते आज शंभर वर्षांनंतरही खेड्यातल्या मंडळीला परकी वाटत नाहीत. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी ती रुंद केली. 1917 मध्ये त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. 9 मे 1919 रोजी ते जे. जे. रुग्णालयात वारले, म्हणजे आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले होते. पंडिती शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहून पूर्ण केले. अकरावा अध्याय अपुरा टाकून गेलेल्या नवऱ्याचे महाकाव्य हाती घेताना त्या बाईंच्या मनाची काय अवस्था असेल? उमाळ्याची वाट पाहत त्या बसल्या असत्या तर आपल्या हाती ते दहा अध्यायांचेच राहिले असते.

तुझ्या मेलच्या शेवटी तू एका अर्ध्या राहिलेल्या मराठी गाण्याचा उल्लेख केला आहेस, इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसत नाहीत म्हणून सोडून दिलेल्या. ते का बसत नाहीत हे मी तुला सांगू शकते, कारण जुनी भाषांतरित गीते पेटीवर वाजवताना हीच अडचण मला सतत येते. पाश्चात्त्य चालीत ठोका ठरलेल्या जागी पडतो, आणि तेथे मराठी शब्दाचा प्रत्यय किंवा ऱ्हस्व अक्षर आले की ते उगाच ताणले जाते. गाणाऱ्याला शब्द मोडावा लागतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही. तू ती चाल सोडून अभंगाच्या मापात लिहून पाहा. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार असतात, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला जुळते. ऱ्हस्व-दीर्घाची सक्ती नसल्यामुळे बोलण्यातले शब्द जसेच्या तसे येतात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा तुझ्या गिटारच्या चार-चारच्या दोन मापांत सहज बसतात, त्यामुळे तुझ्या मुलांना तालाची अडचण पडणार नाही. चौथ्या चरणात अक्षरे कमी असल्याने तेथे आपोआप थांबायला मिळते, आणि त्या थांब्यात पुष्कळ काही सांगता येते. तुझे पत्र वाचून मला जे सुचले ते नमुना म्हणून देते:

ओठ माझे जड । मन माझे मूक ।
तुझी मला भूक । तरी देवा ॥

यापुढचे तू लिही. तुझ्या कोरडेपणाबद्दलच लिही, कारण आज तुझ्यापाशी खरे असे तेच आहे, आणि ते देवापुढे मांडणे ही उपासनाच आहे. तुझ्या कार्यक्रमांना येणाऱ्या मुलांत तुझ्यासारखीच कोरडी झालेली पुष्कळ असतील. हात उंचावलेले असले म्हणून आत सगळे भरलेले असते असे नाही. त्यांना गायला कोणी शब्द दिलेले नाहीत. सगळी नवी गाणी विजयाची आणि आनंदाची असतील तर दुःखातल्या विश्वासणाऱ्याने रविवारी काय गायचे, हा प्रश्न मला अलीकडे फार छळतो. आपल्या जुन्या संग्रहात शोकाची, पश्चात्तापाची, मरणाची गीते आहेत; तुमच्या बँडच्या यादीत मला तसे एकही दिसले नाही.

कराराचे म्हणशील तर पैसे घेण्यात पाप नाही. कामकऱ्याला आपली मजुरी मिळणे योग्य आहे, हे प्रभूनेच सांगितले आहे. मात्र पैसा हातात येण्याआधी त्याची व्यवस्था ठरवून ठेव. मलिन्सची हुबेहूब नक्कल कर असे मी म्हणत नाही. त्याच्यामागे संसार नव्हता, तुझ्यावर घराचे हप्ते आहेत आणि उद्या तुझे लग्न होईल. परंतु दरमहा घरखर्चाला लागणारी एक रक्कम ठरवून त्यापलीकडचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवणे आणि त्या खात्यावर तुझ्यासोबत मंडळीतल्या दोघा जाणत्या माणसांची नजर असणे, एवढे तुला सहज करता येईल. आणि सही करण्यापूर्वी कायदा समजून घे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून ध्वनिमुद्रणातील रॉयल्टीचा गीतकाराचा आणि संगीतकाराचा समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही, तो फक्त वारसांच्या किंवा कॉपीराइट सोसायटीच्या नावे करता येतो. असे असूनही करारात ‘एकरकमी, सर्व हक्कांसह’ अशी वाक्ये घातली जातात आणि नवी मुले ती न वाचता सही करतात. हक्क किती मुदतीसाठी दिले आणि कोणत्या प्रदेशासाठी दिले, हे स्पष्ट लिहून घे. लिहिलेले नसेल तर कायदा मुदत पाच वर्षांची आणि प्रदेश भारतापुरता धरतो. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व घेऊन आपली गीते तेथे नोंदव. आणि स्वतःचे गीत स्वतःच्या मंडळीत, कोणाची परवानगी न मागता गाण्याचा हक्क शाबूत ठेवणारे कलम त्यात असलेच पाहिजे. हे एक कलम त्यांनी नाकारले तर तो करार करू नकोस, मग रक्कम कितीही मोठी असो.

कराराची प्रत मला पाठव. आपल्या मंडळीतले वकीलसाहेब ती वाचून देतील, मी त्यांच्या कानावर घालून ठेवले आहे. अभंगाचे पुढचे चरण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत माझ्या हाती आले तर नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आमचा कॉयर ते गाईल. पाळकसाहेबांना मी विचारले आहे आणि त्यांनी होकार दिला आहे. पट्टी काळी एकच्या वर नेऊ नकोस, अंतऱ्यात आमच्या वयस्क बायकांना तेवढे चढत नाही. पप्पांचा हात अजून दुखतो, पण भजनी ठेका आपणच धरणार असे त्यांनी आत्ताच सांगून ठेवले आहे.

तुझी,
आई